कौलारू वळचणीतून सर्व्हिस पाइप : भोके एका रेषेत पाडण्याची पद्धत

रस्त्यावरच्या खांबावरून येणारी विजेची तार घराशी जेथे प्रथम टेकते, ते ठिकाण सबंध जोडणीतील सर्वांत नाजूक ठिकाण होय. मीटर, कटआऊट आणि घरातील तारमार्ग यांची तपासणी काळजीपूर्वक केली जाते. छपरातून नळी वर काढण्यासाठी पाडलेल्या भोकांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. कारण एकदा नळी बसली की ती भोके झाकली जातात. पुढे पावसाळ्यात भिंतीवर ओल उतरू लागली किंवा मीटरच्या फळीवर पाण्याचे थेंब दिसले, म्हणजे मग त्यांची आठवण होते. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात छपराला पाडलेले प्रत्येक भोक हे पाण्याला दिलेले आमंत्रण असते, आणि ज्या भोकातून वीज येते त्याच भोकातून पाणी आले तर परिणाम जिवावर बेतू शकतो.

हे भोक टाळता येत नाही काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. पुष्कळ ठिकाणी टाळता येते, आणि तसे असेल तेथे ते टाळणेच इष्ट. परंतु गोव्यातील, तसेच शेजारच्या सिंधुदुर्गातील व खानापूर भागातील जुन्या घरांची वळचण बरीच खाली उतरलेली असते. भिंतीवर, वळचणीच्या खाली तार बांधली तर ती अंगणातून जाणाऱ्या माणसाच्या वा बैलगाडीच्या आवाक्यात येते. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारेची उंची किमान ५.८ मीटर असावी, असे भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये सांगितले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही तेच माप कायम राहिले. ही उंची राखावयाची तर तारेचे घराकडील टोक उंच असले पाहिजे. म्हणून भिंतीला धरून उभी केलेली जस्तलेपित लोखंडी नळी वळचणीतून वर काढावी लागते. तिलाच व्यवहारात सर्व्हिस पाइप म्हणतात.

वळचणीची रचना

काम हाती घेण्यापूर्वी वळचण म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. भिंतीच्या माथ्यावरून वासे पुढे आलेले असतात. वाशांवर आडव्या रिपा मारलेल्या असतात आणि रिपांच्या आधाराने कौले बसविलेली असतात. बऱ्याच घरांत वाशांच्या खालच्या अंगाला फळ्यांची तक्तपोशी असते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलेल्या मंगलोरी कौलाला खालच्या बाजूने एक खोच असते. ती रिपेला अडकते; कौलाची खालची कड पुढील कौलावर चढते आणि बाजूच्या कडा एकमेकींत बसतात. पाणी कौलावरील पन्हळींतून वाहत जाते.

याचा अर्थ असा की, नळीला एक नव्हे तर दोन पृष्ठभाग भेदावे लागतात. तक्तपोशी बहुधा आडवी असते आणि कौल उतरते असते. दोहोंमध्ये अर्धा मीटरपर्यंत अंतर असू शकते. हे दोन्ही छेद एकाच उभ्या रेषेत आले नाहीत तर नळी वाकडी बसते किंवा जोराने खेचून बसवावी लागते. खेचून बसविलेली नळी कौलावर सतत दाब देत राहते. वाऱ्याने तार हलली की नळी हलते, नळी हलली की कौल तडकते. मग कितीही सिमेंट भरले तरी गळती थांबत नाही.

चूक कोठून येते

सर्वसाधारण प्रघात असा आहे की, कारागीर शिडीवर चढून तक्तपोशीला खालून भोक पाडतो, त्याच भोकातून लांब गिरमिट वर घालतो आणि अंदाजाने कौलापर्यंत नेतो. गिरमिट उभे आहे असे त्याला वाटते. पण डोक्याच्या वर हात नेऊन काम करताना दोन अंशांचा कल सहज राहून जातो. दोन अंश म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा कल; परंतु ६० सेंटिमीटर उंचीवर त्यामुळे भोक २१ मिलिमीटरने सरकते. नळीच्या भोवती ठेवलेली मोकळीक पाच-सहा मिलिमीटरच असते. मग भोक कानशीने वा छिन्नीने वाढविले जाते, आणि ते वाढलेले भोक बुजविण्यासाठी सिमेंटचा गोळा थापला जातो.

दुसरी चूक नळीच्याच साहाय्याने खूण करण्याची. काही जण नळी खालून वर सारून कौलाला टेकवतात आणि तिच्या तोंडाभोवती खडूने वर्तुळ काढतात. पण कौल उतरते असल्यामुळे नळीचे तोंड त्याला सबंध टेकत नाही. पागोळीकडील कडेचा एकच बिंदू टेकतो. तेथून काढलेली खूण पुढच्या बाजूला सरकलेली असते.

तिसरी चूक मापाची. भिंतीपासूनचे अंतर आडवे मोजलेले असते आणि छपरावर मात्र ते उतारावरून मोजले जाते. छपराचा उतार ३० अंशांचा असेल, आणि वळचणीच्या कडेपासून नळीचा मध्य आडव्या मापाने ४५० मिलिमीटर आत असेल, तर उतारावरून तेच अंतर सुमारे ५२० मिलिमीटर भरते. केवळ एवढ्या कारणाने ७० मिलिमीटरची चूक होऊ शकते.

या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. एका भोकावरून दुसरे भोक आखले, की पहिल्यातील दोष दुसऱ्यात वाढून उतरतो. म्हणून या कामाचा मुख्य नियम असा सांगता येईल : भोकावरून भोक आखू नये, सर्व भोके एकाच ओळंब्याच्या दोरीवरून आखावीत.

जागेची निवड

नळीची जागा आधी ठरवावी. वासा कापणे सर्वथा वर्ज्य आहे. छपराचा भार त्यावर असतो. वासा आड येत असेल तर नळी भिंतीच्या लांबीच्या दिशेने डावी-उजवीकडे सरकवता येते. रिपेचे तसे नाही. रीप भिंतीला समांतर जात असल्याने डावी-उजवीकडे कितीही सरकले तरी ती आडच येणार. तिला चुकवावयाचे तर नळीचे भिंतीपासूनचे अंतरच बदलावे लागते. त्यासाठी भिंत आणि नळी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा किंवा लोखंडी कोनाचा आधार कमीजास्त जाडीचा घ्यावा.

भोक कौलाच्या मधोमध यावे, हे सर्वांत चांगले. कौलाचा मध्य दोन रिपांच्या मधल्या जागेवर येतो, म्हणून रीपही चुकते आणि कौलांच्या सांध्यांनाही धक्का लागत नाही. कौल कौलावर चढलेल्या भागात भोक पाडल्यास दोन कौले कापावी लागतात आणि पाणी दोहोंच्या मधून आत शिरते.

एक ओळंबा, तीन खुणा

ठरलेल्या जागेवरील दोन कौले प्रथम काढून घ्यावीत. कौलारू छपराचा हा मोठा फायदा आहे. छप्पर न फोडता ते उघडता येते. उघडलेल्या जागेवर दोन वाशांवर टेकेल अशी एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवून ती हलणार नाही अशी बांधावी. पट्टीला खाच पाडून तीतून ओळंबा सोडावा. ओळंबा जड असावा. वारा असेल तर त्याचा गोळा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावा, म्हणजे तो लवकर स्थिर होतो.

प्रथम भिंतीवरील आधारांच्या जागा निश्चित कराव्यात. ४० मिलिमीटर मापाच्या नळीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. भिंतीवर २५ मिलिमीटर जाडीचा ठोकळा घेतल्यास नळीचा मध्य भिंतीपासून सुमारे ४९ मिलिमीटरवर येतो. ओळंब्याची दोरी म्हणजे नळीचा मध्य, असे समजून ती भिंतीपासून याच अंतरावर येईल अशा रीतीने वरील पट्टी सरकवावी. जुन्या चिऱ्याच्या भिंती पुष्कळदा अगदी उभ्या नसतात. म्हणून अंतर वरच्या व खालच्या अशा दोन्ही आधारांपाशी मोजावे, आणि जेथे फरक पडेल तेथे ठोकळ्याची जाडी बदलावी. नळी भिंतीच्या कलाने बसवू नये. ती ओळंब्यात बसवावी.

तक्तपोशी असल्यास दोरी प्रथम तिच्या वरच्या अंगाला टेकेल. तेथे खूण करून सहा मिलिमीटरचे लहान भोक पाडावे व दोरी त्यातून खाली सोडावी. हे लहान भोक म्हणजेच परीक्षा होय. दोरी भोकाच्या कोणत्याही कडेला न टेकता मोकळी लोंबली आणि गोळा खालच्या आधाराच्या मध्याशी जुळला, तर खूण बरोबर आहे. दोरी कडेला टेकत असेल तर जेवढी चूक दिसेल तेवढी खूण सरकवावी. सहा मिलिमीटरच्या भोकाची चूक मोठ्या भोकात सहज सामावते. साठ मिलिमीटरच्या भोकाची चूक कशातच सामावत नाही. परीक्षा पूर्ण झाल्यावरच भोक वाढवावे. फळी खालून अर्धी कापून उरलेली वरून कापल्यास तिच्या ढलप्या उडत नाहीत.

तिसरी खूण कौलावरची. त्यासाठी कौलाच्या आकाराचा एक पुठ्ठा कापावा, त्याला कडेपासून मध्यापर्यंत चीर द्यावी आणि तो कौलाच्या जागी बसवून दोरी चिरेतून आत घ्यावी. दोरी जेथे येते तेथे खूण करावी. पुठ्ठ्यावरील ही खूण जमिनीवर ठेवलेल्या कौलावर उतरवून घेतली, की छपरावर बसून कौल कापण्याचा धोका टळतो.

भोक वाटोळे नव्हे, लांबट

उभी नळी उतरत्या पृष्ठभागातून जाते तेव्हा तिचा छेद वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार होतो. ४८.३ मिलिमीटरच्या नळीला सर्व बाजूंनी सुमारे सहा मिलिमीटर मोकळीक ठेवली तर आडव्या तक्तपोशीत ६० मिलिमीटर व्यासाचे वाटोळे भोक पुरते. कौलावर मात्र भोकाची रुंदी ६० मिलिमीटर ठेवून उताराच्या दिशेची लांबी वाढवावी लागते. उतार १ : २ असेल, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंश, तर ही लांबी ६७ मिलिमीटर, ३० अंशांना ६९ मिलिमीटर, ४५ अंशांना ८५ मिलिमीटर होते.

यात कौलाच्या जाडीचा हिशेब धरलेला नाही. कौल जमिनीवर आडवे ठेवून सरळ खाली कापले, तर भोकाच्या कडा कौलाशी काटकोनात येतात, नळीशी समांतर येत नाहीत. जाडी १५ मिलिमीटर व उतार ३० अंश धरल्यास त्यासाठी आणखी नऊ मिलिमीटर लांबी द्यावी लागते. म्हणजे एकूण ७८ मिलिमीटर. हिशेब नको असेल तर पुठ्ठ्यात हा आकार कापून, पुठ्ठा छपरावर बसवून, नळीचा तुकडा त्यातून उभा घालून पाहावा.

कौल कापण्यापूर्वी ते काही वेळ पाण्यात भिजवावे. आखलेल्या रेषेच्या आतून जवळजवळ लहान भोकांची माळ पाडावी, मधला तुकडा हलक्या हाताने काढावा आणि कड कानशीने साफ करावी. विजेवर चालणारे छिद्रयंत्र वापरल्यास त्याची ठोके देणारी कळ बंद ठेवावी. ठोक्याने कौल तडकते. एक-दोन कौले फुटणार हे गृहीत धरून त्याच मापाची जादा कौले आधीच आणून ठेवावीत.

पत्र्याची कॉलर आणि पाण्याची वाट

नळी व कौल यांमधील फट सिमेंटने घट्ट भरू नये. तारेच्या ओढीने नळी किंचित हलतेच, आणि सिमेंटला हलणे सोसत नाही. त्याऐवजी जस्तलेपित वा शिशाच्या पत्र्याची कॉलर करावी. तिची वरची कड वरच्या ओळीतील कौलाखाली जावी आणि खालची कड खालच्या कौलावर यावी. याच्या उलट झाले तर कॉलर पाणी आत नेणारे पन्हाळे बनते. कॉलरला नळीभोवती उभा गळा असावा, आणि त्या गळ्यावर छत्रीसारखी दुसरी लहान टोपी नळीला पट्ट्याने आवळून बसवावी. टोपी नळीबरोबर हलते, कॉलर कौलाबरोबर स्थिर राहते, आणि पाणी दोहोंवरून निघून जाते.

नळीच्या वरच्या टोकाला खाली तोंड असलेला बेंड असावा. बेंड भोकातून जात नाही, म्हणून सरळ नळी बसवून झाल्यावर तो वरून फिरवून लावावा. तार बेंडात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा. पाणी त्या झोलावरून टपकते आणि तारेवरून नळीत येत नाही. खालच्या बाजूस नळी भिंतीत शिरताना तिचा उतार बाहेरच्या दिशेने असावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यास बारीक छिद्र ठेवावे. नळीच्या दोन्ही तोंडांच्या धारा घासून तेथे बुश बसवावेत, नाही तर तारेचे आवरण कालांतराने कापले जाते. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच नळीतून न्याव्यात. प्रत्यावर्ती प्रवाहाची एकच तार लोखंडी नळीतून नेल्यास नळी तापते.

ओढ भिंतीने सोसावी

तारेची ओढ कौलाने नव्हे, भिंतीवरील आधारांनी सोसावयाची असते. वरच्या आधारापासून दीड मीटर उंचीवर ४० किलोग्रॅमची ओढ असेल आणि दोन आधारांमध्ये एक मीटर अंतर असेल, तर वरच्या आधारावर १०० व खालच्यावर ६० किलोग्रॅमचा भार येतो. तेच अंतर दीड मीटर केले तर हे भार ८० व ४० वर उतरतात. म्हणून आधार शक्य तितके दूर ठेवावेत, आणि चिऱ्याच्या भिंतीत ते लहान खिळ्यांवर न लटकवता आरपार बोल्टांनी आवळावेत. नळी छपरावर बरीच उंच गेली असेल तर तारेच्या उलट दिशेला ताण द्यावा.

इतर छपरांविषयी

काँक्रीटच्या छज्जाला भोक पाडताना विशेष सावधगिरी हवी. पुढे झुकलेल्या छज्जाच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, आणि त्यांवरील ताण भिंतीजवळ सर्वांत अधिक असतो. नळीही नेमकी तेथूनच जाऊ पाहते. तेथे सळई कापणे म्हणजे छज्जाचा आधारच तोडणे होय. सळयांच्या जागा कळल्या नसतील तर छज्जाला वळसा घालून नळी न्यावी. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला कोरडे भोक पाडू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पत्रा ओला करून, हाताच्या हत्याराने, पन्हळीच्या उंच भागावर भोक पाडावे.

सुरक्षिततेचे नियम

या कामात भोकाइतकेच माणसाचेही भान ठेवले पाहिजे. घरातील मुख्य स्विच बंद केला म्हणजे वीज बंद झाली, असा समज धोक्याचा आहे. खांबापासून मीटरपर्यंतची तार त्या स्विचच्या आधी येते, म्हणून ती जिवंतच राहते. पुरवठा खांबावरून तोडून, तार मृत झाल्याची चाचणी घेऊनच काम सुरू करावे. हे तोडणे व जोडणे विभागाच्या कर्मचाऱ्यानेच करावे; नळीचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावे. तारांच्या जवळ ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. शिडीचा पाया, तिच्या उंचीच्या चौथाईइतका, भिंतीपासून दूर असावा. छपरावर पाय कौलांवर न ठेवता वाशांवर टाकलेल्या फळीवर ठेवावा, आणि ओल्या छपरावर चढूच नये. काम मे महिन्याच्या आत उरकावे, हे ओघानेच आले.

नळी बसताच तिचे अर्थिंग करावे. आवरण घासलेली तार अर्थिंग नसलेल्या नळीला टेकली, तर सबंध नळी २३० व्होल्टवर जाते आणि ओल्या भिंतीला हात लावणाऱ्यासही धक्का बसू शकतो. घरात गळती ओळखणारे उपकरण बसविलेले असले तरी ते मीटरच्या पलीकडे असते. मीटरपूर्वीच्या नळीतील दोष त्याला कळत नाही. तेथे अर्थिंगखेरीज दुसरे संरक्षण नाही.

अखेरची तपासणी

पुरवठा जोडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ओळंबा नळीच्या शेजारी, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी धरून पाहावा. दुसरी, नळी हाताने हलवून पाहावी. ती कौलाला वा तक्तपोशीला कोठेही टेकता कामा नये. तिसरी, कॉलरच्या वरच्या बाजूस छपरावर दोन बादल्या पाणी ओतून तक्तपोशीखालून पाहावे. एक थेंबही उतरला तर कॉलर पुन्हा बसवावी. उन्हाळ्यात या तपासणीला फारसा वेळ लागत नाही. तीच तपासणी आषाढात पाऊस करतो, आणि तेव्हा छपरावर चढून दुरुस्ती करणे शक्य नसते.